रेणूंचे स्पिन क्यूबिट: इको सापडत नसेल, किंवा सापडूनही आकडा पटत नसेल, तर या चुका टाळा

क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा मूलभूत घटक, म्हणून वापरायचा धातूचा कॉम्प्लेक्स तयार झाला, स्फटिक सुरेख आले, क्ष-किरणांनी रचनाही पक्की झाली. सॅम्पल पल्स ईपीआरच्या, म्हणजे मायक्रोवेव्हच्या पल्स मारून इलेक्ट्रॉनचे स्पिन जोखणाऱ्या यंत्रात ठेवलं आणि पडद्यावर सपाट रेघ: पल्सनंतर स्पिनकडून परत यायला हवा तो सिग्नल, म्हणजे इको, नाहीच. अशा वेळी पहिला संशय रेणूवर जातो: 'याच्यात कोहेरन्सच नाही, दुसरा लिगँड (धातूला धरणारा गट) लावून बघू.' मग चार महिने नव्या संश्लेषणात जातात. माझं मत असं, की निदान पहिल्या फेरीत रेणूला निर्दोष धरावं. इलेक्ट्रॉनच्या स्पिनची कोहेरन्स, म्हणजे पल्सने जुळवलेला ताल, बहुतेक वेळा शेजारपाजार खातो. हा शेजार म्हणजे बाजूचे रेणू, सॉल्व्हंटमधले हायड्रोजन आणि विरघळलेला ऑक्सिजन. त्यातूनही काही उरलं, तर ते मोजण्याच्या पद्धतीत हरवतं.

आधी एक मुळातला गोंधळ दूर करू, कारण तो प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी होतो.

चांगला चुंबक म्हणजे चांगला क्यूबिट, हा समज

मँगनीजचे बारा अणू असलेला 'एमएन-१२' हा रेणू एकटाच चुंबकासारखा वागतो, हे १९९३ मध्ये स्पष्ट झालं. पुढे २००१ मध्ये अशा रेणूंवर ग्रोव्हरचा शोध-अल्गोरिदम चालवण्याची सैद्धांतिक कल्पना मांडली गेली. तेव्हापासून 'सिंगल मॉलिक्यूल मॅग्नेट' आणि 'क्यूबिट' हे शब्द इतके जोडीने येतात, की नव्या विद्यार्थ्याला ते एकच वाटतात. २०१८ मध्ये डिस्प्रोशियमच्या एका मेटॅलोसीन रेणूत ८० केल्विनपर्यंत चुंबकीय स्मृती टिकली. ती कामगिरी मोठीच होती, पण ती स्मृतीची होती, क्यूबिटची नव्हे.

फरक असा आहे. चुंबकाला 'वर' आणि 'खाली' यांच्यामध्ये उंच भिंत हवी असते, म्हणजे स्पिन आपोआप उलटत नाही. क्यूबिटला मात्र त्याच दोन स्थितींमध्ये मायक्रोवेव्हच्या एका पल्सने सहज ये-जा करता आली पाहिजे. एमएन-१२ मध्ये एकूण स्पिन १० आहे. त्याच्या +१० आणि −१० या तळाच्या दोन स्थितींमध्ये नेहमीच्या मायक्रोवेव्ह पल्सने थेट उडी मारता येत नाही. म्हणून क्यूबिटसाठी बहुधा साधे, अर्ध्या स्पिनचे धातू निवडतात: तांबं किंवा व्हॅनॅडिल (व्हॅनॅडियम आणि ऑक्सिजनची जोडी). टर्बियमचा दोन थॅलोसायनिनमध्ये, म्हणजे दोन चपट्या कड्यांसारख्या लिगँडमध्ये, दाबलेला रेणू याला अपवाद वाटतो, पण तिथे क्यूबिटचं काम अणुकेंद्रकाचा स्पिन करतो आणि इलेक्ट्रॉन फक्त त्याची खबर बाहेर देतो. टर्बियमच्या केंद्रकाचा स्पिन ३/२ असतो, म्हणजे त्याला चार पातळ्या मिळतात. २०१७ मध्ये याच चार पातळ्यांवर एकेकट्या रेणूत ग्रोव्हरचा अल्गोरिदम चालवून दाखवला गेला. तुमच्याकडे तसं ट्रान्झिस्टरचं उपकरण आणि डायल्यूशन फ्रिज (मिलिकेल्विनपर्यंत थंड करणारं यंत्र) नसेल, तर त्या वाटेला जाऊ नका.

इको सापडत नाही

शुद्ध स्फटिकाची भुकटी तशीच ट्यूबमध्ये भरली असेल, तर कारण तिथेच सापडेल. दोन इलेक्ट्रॉन स्पिनमधली द्विध्रुवी ओढ १ नॅनोमीटर अंतरावर सुमारे ५२ मेगाहर्ट्झ असते आणि अंतराच्या घनाने कमी होते. स्फटिकात शेजारचा धातू नॅनोमीटरच्या आसपासच असतो. एवढ्या गोंगाटात पल्सने जुळवलेला ताल काही नॅनोसेकंदांतच मोडतो. उपाय म्हणजे त्याच रचनेचा पण स्पिन नसलेला जुळा रेणू घेऊन त्यात आपला रेणू शेकडा एक किंवा त्याहून कमी मिसळायचा. व्हॅनॅडिल थॅलोसायनिन टायटॅनिल थॅलोसायनिनमध्ये मिसळतात, तांब्याचा कॉम्प्लेक्स निकेलच्या जुळ्यात. व्हॅनॅडिलच्या अशाच मिश्रणात २०१६ मध्ये खोलीच्या तापमानालाही मायक्रोसेकंदाच्या जवळ जाणारी कोहेरन्स दिसली होती.

द्रावणात काम करत असाल, तर हिशोब असा. १ मिलिमोलर द्रावणात दोन रेणूंमधलं सरासरी अंतर सुमारे १२ नॅनोमीटर असतं आणि ओढ ३० किलोहर्ट्झच्या घरात. तेच १० मिलिमोलर केलं, तर अंतर साडेपाच नॅनोमीटरवर येतं आणि ओढ दहापट होते. सिग्नल मोठा मिळावा म्हणून जास्त पदार्थ घालायचा मोह होतो, आणि ज्याच्यासाठी तो घातला, तोच त्यामुळे मरतो. अर्धा मिलिमोलर ही सुरुवात चांगली.

पण कागदावरचं कॉन्सन्ट्रेशन आणि गोठलेल्या ट्यूबमधलं कॉन्सन्ट्रेशन एकच असेल असं नाही. ट्यूब द्रव नायट्रोजनमधून काढून नीट बघा. आतला पदार्थ काचेसारखा पारदर्शक असेल तर ठीक. पांढरा, दुधाळ दिसत असेल तर सॉल्व्हंटचे स्फटिक झालेले असतात. वाढताना ते परक्या रेणूंना बाहेर ढकलतात, आणि तुमचे क्यूबिट स्फटिकांच्या फटींमध्ये दाटीवाटीने जाऊन बसतात. द्रावण अर्धा मिलिमोलर असलं, तरी त्या फटींमध्ये ते कितीतरी पट दाट झालेलं असतं. निव्वळ पाण्यात हे हमखास होतं, म्हणून त्यात ग्लिसरॉल घालतात. टोल्युइन किंवा २-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान वापरलं तर काच होते, पण गोठवणं झटपट हवं. ट्यूब हळूहळू खाली सोडत बसलात, तर टोल्युइनही दगा देऊ शकतं.

ऑक्सिजनचं लोक विसरतात. त्याच्या रेणूत दोन न जोडलेले इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे विरघळलेली हवा हा फुकटचा चुंबकीय कचराच. गोठवा, पंप लावा, वितळवा, असं तीनदा तरी करून ट्यूब सील करा.

हे सगळं करूनही रेघ सपाट असेल, तर पुढची चूक तपासा. ती मला सगळ्यात जास्त वेळा दिसते, आणि गंमत म्हणजे ती जास्त काळजी घेणाऱ्यांकडूनच होते. ३० केल्विनला इको अंधूक दिसतो. माणूस विचार करतो, अजून थंड करू, सिग्नल वाढेल. ५ केल्विनला जातो आणि इको गायब! सॅम्पल खराब झालं, ट्यूब तडकली, हेलियम गळलं, असे सगळे तर्क होतात. खरं कारण बहुधा पुनरावृत्तीच्या वेळेत असतं. थंडीत स्पिनला समतोलावर परतायला लागणारा वेळ, म्हणजे टी१, झपाट्याने वाढतो. ३० केल्विनला जो शेकडो मायक्रोसेकंद होता, तो ५ केल्विनला कित्येक मिलिसेकंद किंवा त्याहूनही मोठा होऊ शकतो. पल्सच्या दोन फेऱ्यांमधला वेळ तोच ठेवलात, तर प्रत्येक फेरीला स्पिन थकलेलेच सापडतात, आणि थकलेल्या स्पिनचा इको येत नाही. दोन फेऱ्यांमधला वेळ टी१ च्या निदान पाचपट ठेवा. तेवढ्यात समतोल ९९ टक्क्यांवर परततो. वेळ दहापट वाढवून इको मोठा झाला, तर रोग सापडला.

आणखी एक छोटी गोष्ट. नेहमीच्या एक्स-बँडच्या (सुमारे ९.५ गिगाहर्ट्झच्या) यंत्रात पल्सनंतर सुमारे १०० नॅनोसेकंद रिसीव्हर आंधळा असतो. त्याआधी संपणारी कोहेरन्स दिसणार नाही. 'दिसली नाही' आणि 'नाही' यांत फरक आहे.

आकडा आला, पण कुठला?

टी२, म्हणजे कोहेरन्स टिकण्याचा वेळ, याचा आकडा लिहिताना त्याच्या अटी न लिहिणं ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी सवय. दोन उदाहरणं घ्या. व्हॅनॅडियमच्या एका कॉम्प्लेक्समध्ये, ज्याच्या लिगँडमध्ये फक्त कार्बन आणि गंधक आहेत, २०१५ मध्ये १० केल्विनला ०.७ मिलिसेकंद इतका टी२ मिळाला. तांब्याच्या दुसऱ्या एका कॉम्प्लेक्समध्ये, निकेलच्या जुळ्यात मिसळून, २०१४ मध्ये ७ केल्विनला ६८ मायक्रोसेकंद, आणि खोलीच्या तापमानाला ०.६ मायक्रोसेकंद. पहिला रेणू दुसऱ्यापेक्षा दहापट चांगला, असा निष्कर्ष काढायचा का? नाही. पहिला कार्बन डायसल्फाइडमध्ये होता, म्हणजे जवळपास स्पिन नसलेल्या शेजारात. त्याच्या सोबतच्या आयनांमधले हायड्रोजनही काढून ड्युटेरियम बसवलं होतं. हायड्रोजनने भरलेल्या साध्या सॉल्व्हंटमध्ये असे कॉम्प्लेक्स थोड्याच मायक्रोसेकंदांवर अडकतात. ०.७ मिलिसेकंदांतला बराच मोठा वाटा शेजाराचा आहे. आणि हो, कार्बन डायसल्फाइडचा मोह झाला तर सांभाळून: ते विषारी आहे आणि ९० अंश सेल्सियसच्या आसपास, ठिणगीशिवायही पेट घेतं. हॉट प्लेटच्या जवळही नेऊ नका.

आता हिशोबाच्या चुका. दोन पल्सच्या इकोमध्ये पल्समधलं अंतर τ असेल, तर पहिल्या पल्सपासून इकोपर्यंत २τ वेळ जातो. काही सॉफ्टवेअर अक्षावर τ दाखवतं, काही २τ. कोणतं दाखवतंय हे न बघता घातांकी वक्र बसवला की टी२ बरोबर अर्धा किंवा दुप्पट येतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे दुपटीच्या फरकाने भांडत असतील, तर रसायनशास्त्राकडे जाण्याआधी अक्ष बघा.

वक्रावर लाटा दिसतात, त्यांना नॉइज समजू नका. आसपासच्या केंद्रकांमुळे इकोची उंची डोलते. ३४० मिलिटेस्लाच्या क्षेत्रात प्रोटॉनची वारंवारता साडेचौदा मेगाहर्ट्झ, म्हणजे लाट सुमारे ६९ नॅनोसेकंदांची. ड्युटेरियमची सुमारे २.२ मेगाहर्ट्झ, लाट साडेचारशे नॅनोसेकंदांची, आणि ती जास्त खोल असते. म्हणून ड्युटेरियम घातल्यावर वक्र 'बिघडला' असं वाटू शकतं, पण तो बिघडलेला नसतो. τ ची पावलं १०० नॅनोसेकंदांची ठेवलीत, तर प्रोटॉनची लाट फसव्या, संथ रूपात दिसेल. पावलं बारीक ठेवा. किंवा पल्स लांब आणि मऊ करा, की लाटा दबतात आणि खालचा ऱ्हास उघडा पडतो.

अनेक पल्सची माळ लावून, म्हणजे सीपीएमजी पद्धतीने मोजलेला आकडा दोन पल्सच्या आकड्याशेजारी ठेवू नका. माळ संथ गोंगाट पुसून टाकते, आकडा कितीतरी पट फुगतो. तो खोटा नसतो, पण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतो. शिवाय पल्सचा फेज आलटून-पालटून मोजलं नसेल, तर आगंतुक इको मूळ इकोवर येऊन बसतात.

कॉन्सन्ट्रेशन अजून जास्त आहे का, हे नवं सॅम्पल न बनवताही ओळखता येतं. दुसऱ्या पल्सची ताकद कमी करा, म्हणजे ती स्पिनला पूर्ण उलटं न करता अर्धवट वळवेल. इको लहान होईल, पण टी२ वाढला, तर शेजारचे इलेक्ट्रॉन स्पिनच दोषी. टी२ जागच्या जागी राहिला, तर दोष केंद्रकांकडे शोधा.

रॅबी दोलनं दिसली म्हणून पेढे वाटू नका

पल्सची लांबी वाढवत नेली की इको वरखाली झुलतो, हीच रॅबी दोलनं. हा आलेख छापला की 'क्यूबिटवर नियंत्रण सिद्ध' असं शीर्षक देता येतं. पण इथे एक सापळा आहे. स्पिन आणि आसपासचे प्रोटॉन यांच्या देवाणघेवाणीमुळेही असाच झुलणारा आलेख मिळतो, आणि त्याची वारंवारता प्रोटॉनच्या वारंवारतेजवळ, म्हणजे ३४० मिलिटेस्लाला साडेचौदा मेगाहर्ट्झच्या आसपास असते. दिसायला अगदी खरं वाटतं.

तपासणी सोपी आहे. मायक्रोवेव्हची ताकद ६ डेसिबलने कमी करा. खरी रॅबी वारंवारता पॉवरच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणजे ६ डेसिबलला ती निम्मी व्हायला हवी. आणखी ६ कमी केलीत तर पाव. वारंवारता आणि पॉवरचं वर्गमूळ यांचा आलेख शून्यातून जाणारी सरळ रेघ असेल, तर ते रॅबी. ताकद घटवूनही शिखर १४.५ वर अडून बसलं, तर ते प्रोटॉन. कधीकधी दोन्ही शिखरं असतात, मग जे सरकतं तेवढंच तुमचं. आणि दोलनं लवकर विरतात म्हणून टी२ कमी आहे, असंही म्हणू नका. रेझोनेटरमध्ये सॅम्पलच्या वरच्या आणि मधल्या भागाला मायक्रोवेव्हचं क्षेत्र सारखं मिळत नाही, त्यामुळे वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या वेगाने झुलतात. ट्यूबमध्ये सॅम्पल कमी उंचीचं भरलं की हा दोष बराच उतरतो.

सरसकट ड्युटेरियम

ड्युटेरियमचा चुंबकीय परिणाम प्रोटॉनच्या साधारण साडेसहापट कमी, म्हणून सगळे हायड्रोजन बदलून टाकायचे, असा सरळ विचार होतो. पैसा आणि मेहनत दोन्ही भरपूर जातात, आणि फायदा अपेक्षेइतका होत नाही. कारण धातूच्या अगदी जवळचे प्रोटॉन इलेक्ट्रॉनशी इतके घट्ट बांधलेले असतात, की त्यांची वारंवारता दूरच्या प्रोटॉनशी जुळतच नाही. ते आपसात स्पिनची अदलाबदल करू शकत नाहीत, आणि अदलाबदल नाही तर गोंगाटही नाही. व्हॅनॅडियमच्या कॉम्प्लेक्सची एक मालिका मुद्दाम अशी बनवली गेली, की प्रोटॉनचं अंतर पायरीपायरीने वाढत जाईल. २०१७ मध्ये आलेल्या त्या कामातून या शांत टापूची हद्द साधारण ४ ते ६.६ अँगस्ट्रॉमच्या दरम्यान निघाली. म्हणजे खरा त्रास मधल्या अंतरावरच्या प्रोटॉनचा आणि सॉल्व्हंटचा.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी सॉल्व्हंट ड्युटेरियमचं घ्या, ते विकत मिळतं. मग सोबतचा आयन. लिगँड सर्वांत शेवटी, पण त्यावर मिथाइल गट असेल तर तेवढा आधी. मिथाइल गट अतिथंडीतही टनेलिंगने फिरत राहतो आणि जवळ असला तर टी२ मुकाट्याने खातो.

तापमान वाढवताच सगळं कोसळतं

४० केल्विनपर्यंत टी२ स्थिर आणि मग घसरण, असा आलेख असेल, तर टी१ ची रेघ त्याच कागदावर काढा. टी२ कधीही टी१ च्या दुपटीपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि दोन्ही रेघा जिथे भेटतात तिथून पुढे केंद्रकांशी झगडण्यात अर्थ नाही. तिथे स्पिनशी जुळणारी रेणूची कंपनं आवरावी लागतात, म्हणजे ताठ लिगँड आणि ताठ जाळी. टी१ मात्र नीट मोजा. नुसत्या स्पिन उलटवणाऱ्या पल्सने मोजलं, तर उलटलेले स्पिन स्पेक्ट्रममध्येच इकडेतिकडे पसरतात आणि टी१ खोटा, छोटा दिसतो. लांब सॅच्युरेशन देऊन, म्हणजे स्पिन आधी पूर्ण थकवून, मोजून बघा.

पृष्ठभागावर उतरवताना

द्रावणात उत्तम चाललेला रेणू सोन्यावर ठेवला की तोच रेणू उरतो, हे गृहीत धरू नका. एमएन-१२ ने हा धडा बऱ्याच जणांना दिला. तो सोन्यावर आपली ओळखच टिकवू शकला नाही. लोखंडाच्या चार अणूंचा, गंधकाच्या हाताने सोन्याला धरणारा रेणू मात्र टिकला. फ्लॉरेन्सच्या गटाने ते २००९ मध्ये दाखवलं. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन हे स्पिनचे शत्रूच, त्यामुळे मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडसारखा पातळ विद्युतरोधक थर द्या. आणि उतरवल्यानंतर धातूची ऑक्सिडेशन स्थिती पुन्हा तपासल्याशिवाय चुंबकीय मोजणीवर विश्वास ठेवू नका.

प्रकाशाने वाचायचंय, रेणू चमकतोही, मग सिग्नल का नाही?

नुसतं चमकणं पुरत नाही. चमक स्पिनच्या स्थितीनुसार कमीजास्त व्हायला हवी. पेंटासीनच्या एकेकट्या रेणूत हे १९९३ मध्येच दिसलं होतं. तिथे काम होतं ते प्रकाशाने तयार होणाऱ्या अल्पजीवी ट्रिपलेट (दोन न जोडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या) स्थितीत. २०२० मध्ये क्रोमियमच्या, चार अरिल गट असलेल्या रेणूने हीच गोष्ट तळाच्या स्थितीत करून दाखवली. क्रोमियमवर दोन न जोडलेले इलेक्ट्रॉन, त्यांचं एकूण स्पिन १, आणि शून्य क्षेत्रातही पातळ्या फुटलेल्या, त्याही सोयीच्या मायक्रोवेव्ह टप्प्यात. हे गणित लिगँडची ताकद नेमकी साधल्यावरच जमतं. तांबं किंवा व्हॅनॅडिलच्या अर्ध्या स्पिनच्या रेणूकडून लेझर मारून तेवढंच मागाल, तर निराशा होईल. लेझरने सॅम्पल तापत नाही ना, हेही बघा: लेझरची ताकद निम्मी करा आणि टी१ पुन्हा मोजा. तो वाढला, तर थर्मामीटरवर दिसतंय त्यापेक्षा सॅम्पल गरम आहे.

एक क्यूबिट झाला, जोडी जमत नाही

रेणूंची मोठी जमेची बाजू म्हणजे ते सगळे हुबेहूब असतात. जोडी करताना हीच अडचण होते. दोन्ही बाजूंना तेच व्हॅनॅडिल, तीच दिशा, तर दोघांची वारंवारता एक, मग पल्सने एकट्यालाच बोलवायचं कसं? वेगळे धातू घ्या, किंवा एकाची मान दुसऱ्यापेक्षा वळवा. ओढही बेताची हवी. १ मेगाहर्ट्झची ओढ असेल तर एक गेट (जोडीवरची एक क्रिया) साधारण अर्ध्या मायक्रोसेकंदाचं, म्हणजे ५ मायक्रोसेकंदांच्या टी२ मध्ये जेमतेम दहा गेट. ओढ शेकडो मेगाहर्ट्झ केली तर गेट वेगवान होतं, पण ती बंद करता येत नाही आणि दोघांना स्वतंत्रपणे वळवणं अवघड होतं.

'एंटँगलमेंट' (दोन क्यूबिटची एकमेकांत गुंतलेली स्थिती) म्हणण्याआधी ध्रुवीकरणाचा, म्हणजे खालच्या आणि वरच्या स्थितीतल्या स्पिनच्या फरकाचा, हिशोब करा. ९.५ गिगाहर्ट्झला ४ केल्विन तापमानात ते सुमारे ६ टक्के असतं. खाली-वर जवळपास समसमान. २० मिलिकेल्विनला मात्र जवळपास सगळे स्पिन तळाशी बसतात.

आणि डीअर प्रयोगात, म्हणजे दोन स्पिनमधली ओढ मोजणाऱ्या प्रयोगात, जोडीची लाट फारच उथळ दिसली, तर गेटची पल्स बदलत बसण्याआधी द्रावणात जोड्या शिल्लक आहेत का ते बघा. जोडणारा बंध विरळ द्रावणात सुटत असेल, तर ट्यूबमध्ये बहुतांश एकटे रेणूच असतात आणि लाट फक्त उरलेल्या थोड्या जोड्यांची येते. तेच सॅम्पल अर्धा मिलिमोलर आणि ०.१ मिलिमोलर असं दोनदा मोजा. विरळ केल्यावर लाट आणखी उथळ झाली, तर दुरुस्ती स्पेक्ट्रोमीटरमध्ये नाही, फ्लास्कमध्ये करायची आहे.